त्रेसष्ट अबक

"अगं, हे अबक कोण?" मावशीने फोनवर विचारलं.

मंगळवारची सकाळ होती. कडेवर भिंगरी, हातात तिचा एक मोजा. दुसरा कुठे गेला ते फक्त तिला माहीत, आणि तिला अजून बोलता येत नाही. नऊ महिन्यांची आहे. नाव चांगलं ठेवलंय, तीन महिने भांडून ठेवलंय, पण एका जागी क्षणभर ठरत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. फोन मानेत धरून मी म्हटलं, "कोण अबक?"

"तेच तर तुला विचारतेय! तुमच्या त्या नव्या वेबसाइटवर तासभर बसलेय मी. आमचे भावजी सारखे एकच म्हणतायत. 'अबक, बटण. अबक, बटण.' मला आधी वाटलं, कोणी मोठे साहेब असतील. जिथे तिथे स्वतःचं नाव लावून ठेवलंय."

मी हसले. चांगली खळखळून हसले. आणि हसता हसताच थांबले, कारण अबक कोण ते मला आठवलं.

भावजी म्हणजे मावशीच्या संगणकातला आवाज. पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा. एकदा सुरू झाला की थांबत नाही आणि समोरच्याची विचारपूस करत नाही, म्हणून भावजी. मावशी माझ्या आईची मोठी बहीण. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, मग नजर हळूहळू गेली. पंधरा वर्षं झाली, काही दिसत नाही. काका गेल्यापासून एकटी राहते. सकाळी दोन तास सरकारी मदतनीस बाई येते, सामान आणते, टपाल वाचते, आंघोळीच्या वेळी बाहेर उभी राहते. उरलेले बावीस तास मावशी स्वतःची स्वतः असते, आणि त्याचा तिला माज आहे. तिच्या कपाटातल्या प्रत्येक कपड्याला आतून गाठी मारलेल्या आहेत. एक गाठ पांढरा, दोन गाठी निळा, तीन गाठी काळा. "गाठ नसेल तर?" मी लहानपणी विचारलं होतं. "तर तो कपडा माझा नाही," असं म्हणाली होती.

आणि मी? मी ती वेबसाइट बनवणाऱ्यांपैकी एक. नागरी सेवांची वेबसाइट. पाण्याची तक्रार, जन्माचा दाखला, मदतनिसाचा अर्ज, सगळं एका जागी. सोमवारी सुरू झाली. त्याआधी एक तपासणीचा प्रोग्रॅम तिच्यावरून फिरवायचा असतो. न दिसणाऱ्यांना वापरता येईल ना, हे बघायला. प्रत्येक बटणाला, प्रत्येक चित्राला वाचता येईल असं नाव दिलंय का ते तो मोजतो. नाव नसेल तर लाल, असेल तर हिरवं.

तीन आठवड्यांपूर्वी घरून काम करताना माझ्या पडद्यावर त्रेसष्ट लाल ठिपके होते. भिंगरी झोपली होती. तिची झोप चाळीस मिनिटांची. माझा सगळा दिवस तसा चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत येतो, आणि त्यातली दहा मिनिटं ती खरंच झोपलीय का हे बघण्यात जातात. साहेबांचा निरोप आला होता, 'चारपर्यंत रिपोर्ट हिरवा हवा.' मी पहिल्या जागी लिहिलं 'अबक'. नुसतं, जागा धरून ठेवायला. ठिपका हिरवा झाला. दुसऱ्या जागी अबक. तो पण हिरवा. त्रेसष्टच्या त्रेसष्ट चार मिनिटांत हिरवे झाले. नंतर येऊन नीट नावं देते, असं मी स्वतःला म्हटलं. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला आणि मी उठले.

नंतर आलेच नाही.

"ऐकतेयस का?" मावशी म्हणत होती. "शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे गं."

शुक्रवार. मदतनिसाचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. पूर्वी ऑफिसात खिडकीवरच्या बाई एकेक प्रश्न वाचायच्या, मावशी उत्तरं द्यायची, अंगठ्याजवळ पट्टी धरून सही करायची. तो अर्ज 'स्वतः भरला' असाच धरला जायचा. या वर्षापासून खिडकी बंद. सगळं वेबसाइटवर. आणि अर्जाच्या अगदी शेवटी एक प्रश्न आहे: हा अर्ज कोणी भरला? स्वतः, की दुसऱ्याने? 'दुसऱ्याने' म्हटलं की तपासनीस घरी येतो, अर्जदार एकटं राहायला सक्षम आहे का ते बघायला. पलंगापासून चुलीपर्यंत सगळीकडे टिपणं काढतो.

मावशीच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या घरी तो मागच्या वर्षी आला होता. त्यांच्या सुनेने कौतुकाने अर्ज भरला होता, खरं ते लिहून टाकलं होतं. बाई आता सरकारी निवासात असतात. एका खोलीत सहा पलंग. मावशी त्यांना भेटायला जाऊन आली तेव्हा दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तिच्या कपड्यांना मी गाठी मारून दिल्या होत्या. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. गाठी उसवून नंबर शिवलेत."

"मावशी, पासवर्ड दे मला," मी म्हटलं. "मी पाच मिनिटांत भरते."

"आणि खाली काय लिहिशील?"

"स्वतः."

"म्हणजे खोटं."

"अगं, कोणाला कळणार आहे?"

"मला." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "आणि समजा कोणी आलंच विचारायला, तर मला भरून दाखव म्हणतील. मग?"

भिंगरीने माझ्या हातातला मोजा ओढून तोंडात घातला. मी म्हटलं, "शुक्रवारच्या आत करते मी काहीतरी."

"तू करतेस म्हणजे?" मावशी म्हणाली. "तुझं काय त्यात?"

मी म्हटलं दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध फ्रीजमध्ये होतं.

ऑफिसात आमच्या साहेबांना सगळे मागे हिरवेसाहेब म्हणतात. त्यांना हिरवा रंग दिसला की बरं वाटतं. वेबसाइटचा तो रिपोर्ट त्यांनी रंगीत छापून खुर्चीमागच्या काचेला चिकटवला होता. शंभरपैकी शंभर. त्याच्याकडे पाठ करून ते बसतात, म्हणजे आत येणाऱ्याला आधी शंभर दिसतात आणि मग साहेब.

सध्या आमच्याकडे 'गोठवण' चालू होती. वेबसाइट सुरू झाली की पंधरा दिवस कोणी तिला हात लावायचा नाही. एक बदल करायला जावं आणि दहा गोष्टी मोडाव्यात, असं पूर्वी झालेलं आहे. चालतात फक्त शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या. त्यासाठी एक फॉर्म आहे: जुना शब्द, नवा शब्द, साहेबांची सही.

मी तो फॉर्म बघत बसले. बटणाचं नाव म्हणजे शब्दच की. 'अबक' हा जुना शब्द. 'पुढे जा' हा नवा.

खरं सांगायचं धाडस माझ्याजवळ नव्हतं. बाळंतपणाच्या रजेनंतर मला अर्धवेळ घेतलं होतं, तेही 'बघू जमतंय का' म्हणून. ते 'बघू' अजून चालू होतं. तेव्हा मी मंगळवारच्या दोन झोपा आणि बुधवार सकाळची एक झोप खर्चून त्रेसष्ट नावं ठेवली. प्रोग्रॅमची काही मदत नव्हती, त्याच्या दृष्टीने सगळं हिरवंगार होतं. पानापानावर जाऊन एकेक अबक हाताने हुडकला, तांदळातले खडे निवडावेत तसा. हे कशाचं बटण? दाबलं की काय होतं? न दिसणाऱ्या माणसाला काय म्हटलं तर कळेल? 'मागच्या पानावर जा.' 'कागद जोडा.' 'भरलेलं सगळं पुसून टाका.' हे शेवटचं वाचून हात थांबला. तेही अबकच होतं, 'अर्ज पाठवा'च्या अगदी शेजारी.

पोरीच्या एका नावासाठी तीन महिने भांडलो होतो आम्ही. आणि ही त्रेसष्ट मी चार मिनिटांत उरकली होती.

"त्रेसष्ट?" बुधवारी हिरवेसाहेब फॉर्म उलटत म्हणाले. "एका वेबसाइटमध्ये शुद्धलेखनाच्या त्रेसष्ट चुका? शाळेत भाषेला किती मार्क असायचे हो तुम्हाला?"

"काठावर पास, सर."

"होतं असं. माझी बायकोसुद्धा पहिल्या बाळंतपणानंतर गॅस बंद करायला विसरायची." त्यांनी सही केली. न वाचताच केली. "झोप काढा जरा."

मी 'हो सर' म्हटलं आणि ते वाक्य गिळलं.

गुरुवारी सकाळी नवी नावं वेबसाइटवर चढली. दुपारी भिंगरीला पाळणाघरातून उचललं आणि थेट मावशीकडे गेलो. बसमध्ये तिने एका आजोबांचा चष्मा दोनदा ओढला. माझं लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात पानं उलटत होते.

मावशीचं घर दोन खोल्यांचं. खिडकीशी तिचं जुनं शिलाई मशीन, पायाने चालवायचं. त्याच्यावरच आता लॅपटॉप. खुर्ची तीच, उंची तीच. मावशी म्हणते, या खुर्चीत बसलं की हाताला कामाची जागा कळते.

"बस तू तिकडे," तिने मला पलंग दाखवला. "आणि तोंड बंद. पोरीला पण सांग."

ती बसली. बोटं कीबोर्डवर. भावजी बोलायला लागले: "मदतनीस सेवा. नूतनीकरण अर्ज. पुढे जा, बटण."

"अरे वा!" मावशीने मान मागे टाकली. "गेले का ते अबक साहेब? बदली झाली?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. फार आगाऊ होता मेला."

पहिलं पान पाच मिनिटांत भरलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. मावशी एकेक अक्षर दाबायची, भावजी ते म्हणून दाखवायचे. माझा जीव भांड्यात पडत चालला होता. भिंगरी जमिनीवर शिलाई मशीनच्या लोखंडी पायाला धरून उभी राहायच्या खटपटीत होती.

दुसरं पान नियमांचं. त्याच्या तळाशी एक चौकोन: 'मी सर्व नियम वाचले आहेत.' कोणीही काय करतं? सर्रकन खाली जातं, चौकोनात खूण करतं, पुढे. मीही तेच करते. सगळं जग तेच करतं.

"खाली जा ना थेट," मी म्हटलं.

"का? न ऐकता कशाखाली सही करू?" मावशी मागे रेलून बसली. हात मांडीवर घेतले. "चला भावजी, होऊ द्या."

भावजी वाचू लागले. नियम एक. नियम दोन. मावशीने त्यांचा वेग हळू ठेवलाय, कानही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. नियम सात, पोटनियम क. ती मन लावून ऐकत होती, मध्येच मान हलवत होती, एकदा "हं, हे बरंय," म्हणाली. नियम नऊ चालू असताना भावजी अचानक गप्प झाले. मग म्हणाले, "आपले स्वागत आहे. लॉगिन करा."

"हे काय? बाहेर कसे आले?"

"काहीतरी हातून दाबलं गेलं असेल," मी म्हटलं.

"माझे हात मांडीवर होते."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नाव, पत्ता. पुन्हा नियम. या वेळी मी पलंगावरून उठून तिच्या मागे उभी राहिले, पडदा बघत. नियम आठच्या सुमारास कोपऱ्यात एक छोटी लाल चौकट आली: 'आपण पानावर नाही असे दिसते. एका मिनिटात पान बंद होईल.' भावजींनी तिचा उल्लेखही केला नाही. त्यांना ती दिसलीच नव्हती. चौकट लुकलुकली, आणि गेली.

"आपले स्वागत आहे. लॉगिन करा."

मावशीने मांडीवरचा साडीचा भाग दोन्ही हातांनी सपाट करायला सुरुवात केली. कापड आधीच सपाट होतं.

ती लाल चौकटही मीच बनवली होती. सुरक्षेसाठी नियम असतो, दहा मिनिटं पानावर कोणी नसेल तर पान बंद करायचं, म्हणजे उघडं राहिलं तर दुसऱ्या कोणी बघायला नको. पण माणूस आहे की नाही हे ठरवायचं कसं, ते मी ठरवलं होतं. माऊस हलला, किंवा पानावर काही टाइप झालं, तर माणूस आहे. नाहीतर उठून गेला. ऐकत बसलेला माणूस माझ्या हिशोबातच नव्हता.

"मध्ये मध्ये एखादं बटण दाब ना," मी म्हटलं.

"दाबलं की हे वाचायचे थांबतात. आणि परत नियम एकपासून सुरू करतात. तुझे काका असेच होते, मध्ये टोकलं की गोष्ट पहिल्यापासून." ती हसली नाही. "उद्या शुक्रवार."

"माहितीये."

"मला निवासात नाही जायचं गं," ती म्हणाली. एवढं साधं, की मला भिंगरीला उचलून घ्यावं लागलं. काहीतरी उचलायलाच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधी दारात होते. रात्रभर भिंगरीला दात येत होते आणि मला पानं दिसत होती. हिरवेसाहेब आले तशी त्यांच्या मागोमाग आत गेले.

"सर, ते दहा मिनिटांचं बंद करावं लागेल. किंवा तीस करू. आज."

"शुद्धलेखन आहे का ते?"

"नाही सर."

"मग गोठवण संपल्यावर. यादीत टाका."

"पण काही लोकांना त्याने अर्ज भरता येत नाहीये."

"किती लोकांना?"

"एक तरी आहे."

"कोण?"

मी त्यांच्या मागच्या शंभराकडे बघितलं. माझ्या आतमध्ये कुठेतरी ते त्रेसष्ट अबक रांगेत उभे होते. तोंड उघडलं की सगळे बाहेर पडले असते. "असंच कोणीतरी," मी म्हटलं.

"हे बघा." ते वाईट नाहीत, फक्त घाबरट आहेत, माझ्यासारखे. "लेखी तक्रार आली, वेबसाइटच्या तक्रारीच्या पानावरून, नावगावासकट, तर गोठवण उठते. तीन दिवसांत दुरुस्ती करावीच लागते. नियमच आहे तो. पण हवेतल्या माणसासाठी मी कशाला हात लावू? रिपोर्ट हिरवा आहे की आपला."

तीन दिवस. आणि माझ्याकडे सहा तास होते.

तीन वाजता मी मावशीच्या दारात. एका खांद्यावर भिंगरी, दुसऱ्यावर लॅपटॉपची बॅग. खिडकीतून उन्हाचा पट्टा शिलाई मशीनवर आला होता. मावशीने दोन गाठींची साडी नेसली होती. निळी. खिडकीवरच्या बाईंकडे जायची तेव्हा हीच नेसायची.

"काय म्हणाले साहेब?"

"नाही म्हणाले."

"बरं." तिने खुर्ची पुढे ओढली. "आता मला नीट सांग. मी इथे बसलेय हे त्याला कळत का नाही?"

मग मी सांगितलं. माऊसचं, टाइप करण्याचं, सगळं. "तू जी बटणं दाबतेस ना, ती भावजी वरच्यावर झेलतात. पानापर्यंत पोचतच नाहीत. त्याला वाटतं खोलीत कोणी नाही."

"असा कोण शहाणा, की ज्याला वाटलं गप्प बसलेलं माणूस म्हणजे गेलेलं माणूस?"

तिने मान माझ्या दिशेने वळवली. डोळे नसले तरी मावशी बघते.

"तू?"

"हो."

"आणि ते अबक?"

"ते पण."

खाली भिंगरी 'बाबाबा' करत मशीनच्या चाकाशी खेळत होती. मावशीने लांब श्वास घेतला. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "माऊस हलला की झालं ना? कोणी हलवला ते बघतो का तो?"

"नाही."

"तुझ्याकडे आहे माऊस?"

बॅगेत होता. "मी हलवते, मावशी. मी इथे बसून नुसता—"

"तू गप बस. 'स्वतः' लिहायचंय मला." तिने हात पुढे केला, माऊस चाचपला, वायर मोजली. मग वाकून तो शिलाई मशीनच्या पायपट्टीशेजारी जमिनीवर ठेवला आणि चप्पल काढून उजवा पाय त्याच्यावर टेकला.

"हाताने हलव ना," मी म्हटलं.

"हाताला काम दिलं की कान जातात माझे. पायाचं तसं नाही. चाळीस वर्षं चालवलाय, आपला आपण चालतो." पाय हलू लागला. पुढे, मागे. पुढे, मागे. पडद्यावरचा बाण वेड्यासारखा वरखाली धावायला लागला. माऊसखाली जे येईल तेही भावजी वाचायला लागले, तेव्हा दोघींनी मिळून त्यांची ती खोड बंद केली. त्यात बारा मिनिटं गेली. पावणेचार.

पहिलं पान. मग नियम.

नियम एक. पाय चालत होता. मी घड्याळ बघत होते, पडद्याचा कोपरा बघत होते, आणि भिंगरीला धरून होते, कारण तिला तो हलणारा पाय आणि त्याखालची ती गोष्ट हवी होती, जगातली दुसरी कुठलीच नको होती. नियम सहा. ती माझ्या हातात धनुष्यासारखी ताणली आणि किंचाळली. "राहू दे तिला, रड म्हणावं," मावशी न थांबता म्हणाली, "फक्त नियम नऊ ऐकू दे. तिथपर्यंतच पोचलेय मी." नऊ. दहा मिनिटं उलटून गेली. कोपरा रिकामा. नियम अकरा. चौदा मिनिटांनी भावजी म्हणाले, "मी सर्व नियम वाचले आहेत. खूण करा."

"ऐकले आहेत," मावशी म्हणाली, आणि खूण केली.

चार वाजून दहा. तिसऱ्या पानावर कागद जोडायचे होते. डॉक्टरांचा दाखला तिने मदतनीस बाईकडून आधीच संगणकात घालून घेतला होता, पण फाइलचं नाव आठवेना. एक उघडली, ती विजेच्या बिलाची. दुसरी उघडली, तीही नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मला दिसत होतं, खालून तिसरी. सांगू? भावजींनी तिसरीचं नाव वाचलं. "तीच ती!" मावशी म्हणाली. पाय क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. आता गरज नव्हती, ती टाइप करत होती, पण पायाला कोण सांगणार?

चार बत्तीस. शेवटचं पान.

"हा अर्ज कोणी भरला?" भावजींनी विचारलं. "स्वतः. निवडलेले नाही. दुसऱ्याने. निवडलेले नाही."

मावशीने एक बोट वर उचललं, क्षणभर तसंच हवेत धरलं, सुई ओवताना धरायची तसं. आणि दाबलं.

"स्वतः. निवडले."

मग, "भरलेलं सगळं पुसून टाका, बटण." ती पुढे सरकली. "अर्ज पाठवा, बटण." मंगळवारी इथे दोन अबक शेजारी शेजारी उभे होते.

"आपला अर्ज मिळाला आहे." भावजींनी पावती क्रमांक वाचला. मावशीने तो तीनदा वाचून घेतला, तोंडाने म्हटला, आणि मग खुर्चीत अशी मागे टेकली की लाकूड कुरकुरलं. मी भिंगरीसकट तिच्या गळ्यात पडले. भिंगरीला वाटलं खेळ आहे, तिने मावशीच्या नाकाला धरलं.

"सोड, सोड. नाक एकच आहे." मावशी हसत होती, पण पाय अजून हलत होता. पुढे, मागे. मी खाली बघत राहिले. एकाहत्तर वर्षांची बाई. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, मी आहे हो, मी आहे, असं पायाने सांगत राहिली होती. कोणाला? तर मी भिंगरी उठायच्या आत घाईघाईने लिहिलेल्या चार ओळींना.

"झालं तर मग," मी म्हटलं. "चहा टाकते."

"माझं झालं." मावशीने पाय थांबवला. "बाकीच्यांचं? नदीपलीकडच्या भागाची मुदत पुढच्या महिन्यात आहे. तिकडे माझ्यासारखे किती असतील. सगळ्यांनाच काही मशीन चालवता येत नसेल."

साहेबांचे सकाळचे शब्द माझ्या तोंडात घोळत होते. लेखी. नावगावासकट. तीन दिवस.

"तक्रारीचं एक पान आहे," मी म्हटलं. "तिथे कोणी लिहिलं तर त्यांना दुरुस्त करावंच लागतं."

"कोणी म्हणजे मी ना? तू तिथली. तुझी कोण घेणार?" तिची बोटं परत कीबोर्डवर गेली. "सांग कुठे आहे ते. चहा नंतर."

तक्रारीच्या पानालाही आधी नियम होते. मावशीने पाय पुन्हा माऊसवर ठेवला. मी भिंगरीला जमिनीवर सोडलं. आश्चर्य म्हणजे या वेळी ती झडप घालायला गेली नाही. पायाजवळ बसून त्याच्याकडे बघत राहिली. पुढे, मागे. पाळण्याकडे बघावं तशी. नऊ महिन्यांत ती कधी इतका वेळ एका जागी बसली नव्हती.

मावशीने लिहिलं. ऐकत बसलं की पान बंद होतं. सूचना वाचली जात नाही. बटणांची नावं बुधवारपर्यंत खोटी होती. साधी वाक्यं, एकेक अक्षर दाबत, चुकलं की मागे येत. मग भावजी म्हणाले, "जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव, माहीत असल्यास. ऐच्छिक."

तिची बोटं थांबली. खोलीत फक्त माऊसचा जमिनीवर घासल्याचा आवाज.

"ऐच्छिक म्हणतोय," मावशी म्हणाली. "पुढे जाऊ?"

मला हिरवेसाहेबांची काच दिसली. 'बघू जमतंय का' दिसलं. पाळणाघराची सकाळ, बस, चाळीस मिनिटांचे ते सगळे तुकडे, ज्यांच्यावर मी आमचं घर कसंबसं तोलून धरलं होतं. सोमवारी मला आत बोलावतील. काय म्हणतील कोण जाणे. नाव नसेल तर तक्रार कोणाकडे जायची हे शोधण्यातच त्यांचे दोन दिवस जातील, हेही मला माहीत होतं. तिथे काम करते मी.

"नको," मी म्हटलं. "लिही."

"काय लिहू?"

"माझं नाव. पूर्ण."

मावशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ती बघते तसं. मग लिहायला लागली. पाय चालत होता, पान उघडं होतं, आणि भावजी माझं नाव एकेक अक्षर सुटं करून मोठ्याने म्हणत होते. ओळखीचं काहीतरी ऐकू आल्यासारखी भिंगरीने मान वर केली आणि आवाज कुठून येतोय ते शोधायला लागली.